जेवणाची ओवी

परत आल्यापासून गावात जो भेटतो तो एकच विचारतो, "परभणीत बघितलंत काय?" आमच्या राजापूरकडचा माणूस घाट चढून वर गेला तर देवदर्शनाला जातो, नाहीतर लग्नाला. परभणीला मुद्दाम कुणी जात नाही. मीही काही बघायला गेलो नव्हतो. किसनबापूंना भेटायला गेलो होतो, आणि तेसुद्धा अकरा वर्षं उशिराने.

मी पोस्टातून निवृत्त झालेला माणूस. गावच्या भजनात मृदंग वाजवतो. अकरा वर्षांपूर्वी तेव्हाच्या औरंगाबादला लोककलावंतांचा एक मेळावा होता, तिथे आमचं भजनी मंडळ गेलं होतं. आमची राहायची सोय एका शाळेत. एका वर्गात आम्ही आणि शेजारच्या वर्गात जिंतूर तालुक्यातले धनगरी ओव्या म्हणणारे. पहिल्याच सकाळी नळावर तोंड धुताना मागून आवाज आला. साठीचा एक उंच माणूस, खांद्यावर घोंगडी, दात घासून झाल्यावर चूळ भरावी तितक्या सहज ओवी म्हणत होता. माझ्या हातात बादली होती, ती मी नकळत वाजवायला लागलो. तो थांबला नाही, नुसता डोळ्यांनी हसला. तिथून पुढचे दोन दिवस आम्ही एकमेकांना सोडलं नाही. निघताना किसनबापू म्हणाले, "येकदा आमच्या वाडीवर या. हुरड्याला या." मी म्हटलं, येतो.

मग दर दिवाळीला फोन, आणि दर फोनला माझं "ह्या वर्षी नक्की." गेल्या दिवाळीत फोन लावला तर पलीकडे बाईचा आवाज. "मी त्येंची सून, अयोध्या. बापूला आता बोलता येत न्हाई. लकवा मारला जेष्ठात." तीच पुढे म्हणाली, "तुमी याचं म्हणत होते ना? मंग या."

पिंगळी

पहाटे गाडीत डोळा लागला आणि परभणी स्टेशन झोपेतच निघून गेलं. जाग आली तेव्हा गाडी एका लहानशा स्टेशनात उभी होती. पाटी वाचली, पिंगळी. पिशवी उचलून उडीच मारली. बाकावर एक म्हातारेबुवा बसले होते. त्यांना विचारलं, "परभणीला कसं जायचं?"

"आता ज्या गाडीतून उतरले ती परभणीवरूनच आली की!" ते म्हणाले आणि मग माझं तोंड बघून त्यांनाच वाईट वाटलं. "असू द्या. जरा दम खा. चहा घ्या."

ते मला रस्त्याकडेच्या एका टपरीवर घेऊन गेले. तिथे मुरमुऱ्यांचा पोह्यांसारखा एक पदार्थ मिळाला. नाव विचारलं तर म्हणाले, सुशीला. आमच्या आळीत एक सुशीलावहिनी आहेत, त्यांना हे कळवायला हवं असं मनाशी ठरवलं. खाता खाता समोर बघितलं आणि घास तसाच राहिला. आमच्याकडे सूर्य डोंगराआडून येतो, अंगणात ऊन पडायला आठ वाजतात. इथे तो सरळ जमिनीतूनच वर येत होता. मध्ये झाड नाही, टेकडी नाही. काळी जमीन, तिच्यावर हरभऱ्याचा हिरवा पट्टा, आणि त्यातून वर निघणारा लाल गोळा. मी साठ वर्षांचा आहे आणि क्षितिज जमिनीवर बघायची माझी ती पहिलीच वेळ होती.

म्हातारेबुवांनी मला परभणीच्या रिक्षात बसवून दिलं. चहाचे पैसे देऊ दिले नाहीत. "पावन्याचं घ्यायचं नसतंय," एवढंच म्हणाले.

वाडी

परभणीहून जिंतूरची एसटी धरली. झरी गेलं, आणि मग बोरी. दोन्ही अंगांना ज्वारी उभी होती, कणसं भरलेली, आणि करडईच्या पिवळ्या फुलांचे तुकडे. बोरीच्या फाट्यावर रामजी घ्यायला आला होता. औरंगाबादला बापूंच्या ओव्यांना ढोल वाजवत होता तो हाच. तेव्हा काळे असलेले केस आता पांढरेशुभ्र झाले होते. मोटारसायकलवर बसताना तो म्हणाला, "एक सांगू का. तुमाला बघून बापू रडतील. कुणालाबी बघून रडायलेत. मनाला लावून घेऊ नगा."

वाडी म्हणजे पंधरा-वीस घरं. बापूंच्या घरासमोर काटेरी झुडपांचं कुंपण घातलेला मेंढरांचा वाडा, दारात कडुलिंबाचं झाड, त्याखाली बाज, आणि बाजेवर बापू. तो उंच माणूस अर्धा झाला होता. उजवा हात मांडीवर नुसता ठेवल्यासारखा. त्यांनी मला ओळखलं. डाव्या हाताने माझं मनगट धरलं आणि बोलायला तोंड उघडलं.

"ते… ते… ते…"

तेवढंच. त्यापुढे काही नाही. डोळे मात्र सगळं सांगायला बघत होते, आणि शब्द येत नाही म्हटल्यावर ते डोळे भरून आले. मी घाबरून बडबडत सुटलो. गाडीत झोपलो ते सांगितलं, सुशीला सांगितली, आमसुलं आणि फणसपोळी आणल्याचं सांगितलं. ते ऐकत होते. सगळं कळत होतं त्यांना. मी पिंगळीला उडी मारल्याचं सांगितलं तेव्हा हसलेसुद्धा, फक्त एका बाजूने.

अयोध्या चाळिशीच्या आतली. नवरा भागवत ऊसतोडीला खाली साताऱ्याकडे गेलेला, दोन्ही लेकरं वसतिगृहात. घर, चाळीस मेंढरं आणि बापू, सगळं तिच्या एकटीवर. तिला चालताना मी बघितलंच नाही, ती पळतच असे. दिवस मावळताना मेंढरं वाड्यात आली. तिने कोकरं आयांना लावली आणि बापूंपुढे जेवणाचं ताट आणून ठेवलं. ज्वारीची भाकरी येसराच्या आमटीत कुस्करलेली. येसर म्हणजे डाळी-धान्यं भाजून केलेलं मसाल्याचं पीठ. त्याचा वास असा की आमच्या सोलकढीने वाईट वाटून घेऊ नये.

बापूंनी ताटाकडे बघितलं. मग तिच्याकडे बघितलं. आणि डाव्या हाताने ताट लोटून दिलं.

"ते… ते… ते…"

तिने ताट पुन्हा पुढे सरकवलं. त्यांनी पुन्हा लोटलं, ह्या वेळी जोराने. आमटी सांडली. बापूंचा चेहरा लाल झाला, डोळ्यांतून पाणी यायला लागलं. अयोध्याने फडक्याने सांडलेलं पुसलं आणि वाड्याकडे निघून गेली. ती गेल्यावर बऱ्याच वेळाने त्यांनी मान खाली घालून एक-एक घास खायला सुरुवात केली.

रामजी माझ्या कानाशी म्हणाला, "रोज असंच हाय. तिच्या हातचं घेत न्हाईत."

दुसऱ्या दिवशी चुलीपाशी चहा घेताना अयोध्याने स्वतःच विषय काढला. परक्या माणसाला सांगणं सोपं जात असावं.

"दादा, तुमी त्येंचे दोस्त. तुमाला सांगते. ज्या दिशी त्येंना लकवा मारला ना, त्या दिशी सकाळी आमचं भांडण झालतं. तीन दिस जत्रंत गायला गेलते. इकडं लांडग्यानं दोन कोकरं नेली. मी येकटी बाई. आले तवा मी म्हणले…" तिने लाकूड चुलीत पुढे सारलं. "म्हणले, तुमच्या तोंडाला कुलूप लागंल तवाच ह्या घराचं भलं हुईल. आन दुपारी त्येंचं तोंड वाकडं झालं. माझ्या म्होरंच."

"अहो, तो रक्तदाबाचा आजार," मी म्हणालो. "शब्दाने कुणाला काही होत नाही."

"डाक्टरबी तेच म्हणले. पर बापू काय म्हणायलेत ते कुणाला कळलं? आठ महिने झाले, रोज ताट लोटायलेत. माझ्याकडं बघून लोटायलेत. मला शिव्या द्यायलेत की शाप द्यायलेत, हे तरी कळाया पायजे ना? शिवी असली तर शिवी. ऐकून घेते मी."

चहा फार गोड होता, एवढंच आठवतं.

माळावर

त्या दिवशी रामजीबरोबर मेंढरं घेऊन माळावर गेलो. वाटेत त्याच्या भावाच्या शेतात हुरडा खाल्ला. गोवऱ्यांच्या आरात कणसं भाजून, हातावर चोळून, फुंकर मारून तोंडात टाकायचं. सोबत शेंगदाण्याची चटणी आणि गूळ. आमच्याकडे भात हेच धान्य, आणि भाताचं कोवळं कणीस भाजून खायची सोय देवाने ठेवलेली नाही. बापूंनी ज्यासाठी बोलावलं होतं ते अकरा वर्षांनी खात होतो, आणि बोलावणारा घरी बाजेवर. तरी खरं सांगतो, हुरडा इतका चांगला होता की मी थांबलो नाही.

माळावर गेल्यावर रामजीने मेंढरांना हाक मारली. लांबच लांब, तोंडावर हात धरून. मी नकळत कान टवकारून थांबलो. आमच्याकडे डोंगरात हाक मारली की समोरच्या कड्यावरून ती परत येते. इथे ती गेली ती गेलीच. मला एकदम समजलं की ह्या लोकांच्या ओव्यांतला सूर इतका लांब का असतो. इथे आवाजाला परत पाठवणारं काही नाही. जितका दम असेल तितका लांब तो जातो.

"रामजी, ढोल कुठे आहे?" मी विचारलं.

"हाय घरीच. आड्याला टांगलेला. आठ महिने झाले, हात लावला न्हाई."

"का?"

"बापू दवाखान्यातून आले तवा आमी सगळे जमलो. म्हटलं, त्येंना बरं वाटंल. चार हात मारले ढोलावर, तर बापू असे रडाया लागले, असे रडाया लागले, की छाती फुटती का काय वाटलं. डाक्टर म्हणले, मनाला तरास हुईल असं काय करू नगा. तवापासून वाडीत कुणी ढोल वाजवत न्हाई. लगनातबी डीजे लांब लावला. रेडिओबी बंद." तो माझ्याकडे बघून म्हणाला, "त्येंच्या भल्यासाठीच हो."

तिसरा दिवस

दुपारची वेळ. अयोध्या वाड्यात आजारी कोकराला औषध पाजत होती. रामजी दारात विडी ओढत बसलेला. मी बापूंजवळ बसलो होतो आणि माझं सगळं बोलणं संपलं होतं. राजापूरची गंगा सांगून झाली, पोस्टातले किस्से संपले, माझ्या गुडघ्यांचं दुखणंही सांगून झालं. शेजारी तेलाचा रिकामा डबा पालथा पडला होता. मृदंग वाजवणाऱ्याच्या हाताला खोड असते, बसल्या जागी समोर येईल ते वाजवतो. मी डब्यावर बोटं मारायला लागलो. मुद्दाम म्हणून नाही, औषध म्हणून नाही. रामजीने सांगितलेलं माझ्या लक्षातसुद्धा राहिलं नव्हतं. हात आपोआप त्या शाळेच्या नळावरच्या ठेक्यावर गेला.

बाजेचा लाकडी माचा टकटक वाजायला लागला.

मी वळून बघितलं. बापूंचा डावा हात माच्यावर पडत होता. ठेक्यात. मी थबकलो तर त्यांनी हाताने मला खूण केली, चालू ठेव. आणि मग त्यांच्या तोंडून एक हुंदका आला. दुसरा आला. सगळं अंग हलायला लागलं. अयोध्या कोकरू काखेत तसंच धरून धावत आली. "दादा, बंद करा! बंद करा ते!"

मी हात उचललाच होता. पण रामजी दारातून ओरडला, "थांबू नगा! अयोध्या, थांब जरा. रडणं येगळं हाय हे."

मी डबा वाजवत राहिलो. हुंदके येत होते, आणि प्रत्येक हुंदका जरा लांबत होता, जरा वर चढत होता. आणि कुठल्यातरी एका हुंदक्याचा सूर झाला. कुठे रडणं संपलं आणि कुठे गाणं सुरू झालं, हे मला आजही सांगता येणार नाही. मी तीन फुटांवर होतो आणि आयुष्यभर ताल धरण्यावाचून दुसरं काही केलेलं नाही. तरी मला ती जागा सापडली नाही.

उगवला दिस गं, मेंढरं निघाली गं,
करपरेच्या काठानं, कोवळ्या उन्हानं…

स्पष्ट. एकेक अक्षर स्पष्ट. करपरा ही त्यांच्याकडची नदी. "करपरेच्या काठानं" हे धडधाकट माणसाने पाचदा म्हणून बघावं, जीभ अडखळते. ज्या माणसाला आठ महिने "पाणी" म्हणता आलं नव्हतं, तो ते म्हणत होता. वाकड्या तोंडाने, गालांवरून पाणी वाहत असताना, पण गात होता. मोठा, लांब सूर, माळावरच्यासारखा, परत न येणारा. रामजीच्या हातातली विडी पडली. अयोध्या कोकरू छातीशी धरून मटकन खाली बसली.

त्यांनी सहा ओव्या म्हटल्या. मी थकलो तेव्हा ते थांबले. आणि थांबल्यावर माझ्याकडे बघून बोलायला गेले. "ते… ते…"

शब्द पुन्हा गेले होते. पण ह्या वेळी ते रडले नाहीत. स्वतःलाच आश्चर्य वाटल्यासारखे माझ्याकडे बघत राहिले.

पुढे झालं ते माणसांनी कुठेही केलं असतं तेच. अर्ध्या तासात सगळी वाडी लिंबाखाली. कुणी म्हणालं देवाची कृपा, कुणी म्हणालं कोकणातला पाहुणा मंतर घेऊन आलाय. चार-पाच मोबाइल वर झाले. "बापू, माझं नाव सांगा!" "बापू, राम राम म्हणा!" कुणी गुडघ्यावर, कुणी ताटलीवर ठेका धरला. बापूंचं तोंड मिटलं ते मिटलंच. घाम फुटला त्यांना. अयोध्याने शेवटी सगळ्यांना हाकललं. "जत्रा हाय का ही? जा घरला!" माणसं गेली. माझ्या मनात आलं, एवढंच होतं का? जुनं पाठ असलेलं तेवढं आलं आणि संपलं? पोपटालाही पाठ येतंच की.

दिवस कलला. मेंढरं आली. अयोध्याने कोकरं लावली आणि ताट घेऊन आली. मला ते बघायचं नव्हतं, मी उठायला लागलो. तेवढ्यात रामजी घरून आला तो ढोल घेऊन. गुपचूप बाजेच्या पायाशी बसला आणि अगदी हलक्या हाताने, जवळजवळ बोटांनीच वाजवायला लागला.

ताट समोर ठेवलं गेलं. बापूंनी ताटाकडे बघितलं. अयोध्याकडे बघितलं. डावा हात ताटाला लागला. पण लोटायच्या आधी त्यांनी सूर लावला.

मेंढरं आली वाड्याला, दिवा लागला दाराला…

रामजीचा हात क्षणभर चुकला. मग सावरला. ओवीची पहिली ओळ दोनदा म्हणतात, त्या दुसऱ्या वेळेला तो मला कुजबुजला, "ही जेवणाची ओवी. आमी दुसऱ्याच्या घरी गायला जाताव ना, तवा शेवटाला म्हणताव. घरची बाई दिसभर समद्यांना वाढून उपाशी ऱ्हाती. तिला म्हणायचं, आता तू बस. त्या बाईचं नाव घालायचं असतंय हितं. ज्या घरी गाणं, त्या घरच्या बाईचं. आपल्या घरी कवा म्हणत न्हाईत."

बापूंनी दुसरी ओळ घेतली.

दमलीस अयोध्या गं, बस आता जेवायाला.

आणि ताट तिच्याकडे लोटलं.

आठ महिन्यांत त्या तोंडातून कुणाचंच नाव निघालं नव्हतं. लग्न होऊन आल्यापासून त्यांनी तिला नावाने हाक मारली नव्हती, अगं म्हणत, नाहीतर सूनबाई. "ही ओवी कुण्या अयोध्याची न्हाई," रामजी मला नंतर म्हणाला, "नाव त्येंनीच घातलं, आत्ता, हितं." म्हणजे पोपट नव्हता. माणूस होता, आणि आठ महिने रोज संध्याकाळी तो एकच गोष्ट सांगत होता. दिवसभर उपाशी पळणाऱ्या बाईला सांगत होता, आधी तू खा. आणि ती रोज सांडलेली आमटी पुसून शिवी खाल्ल्यासारखी निघून जात होती.

अयोध्या उभीच होती. "मला वाटायचं…" एवढं म्हणाली आणि तिला पुढे बोलवेना. आता तिच्या तोंडाला कुलूप लागलं होतं. बापूंनी तीच ओळ पुन्हा म्हटली. पुन्हा नाव घातलं. रामजी ढोल थांबवत नव्हता. थांबला तर हे सगळं थांबेल अशी त्याला भीती असावी.

ती खाली बसली. पदराने डोळे पुसले, भाकरीचा तुकडा मोडला, आमटीत बुडवला आणि तोंडात घातला. बापू तिच्याकडे बघत राहिले, ती चार घास खाईपर्यंत. मग त्यांनी तोंड उघडलं. तिने त्याच ताटातला घास त्यांना भरवला. सून आणि सासरा एका ताटात जेवताना मी त्या मुलखात काय, आमच्या मुलखातही कधी बघितले नव्हते. मी आणि रामजी दुसरीकडे बघू लागलो. ढोल मात्र चालू होता.

निघताना

गोष्ट फुगवून सांगू नये म्हणून हेही लिहितो. बापू बरे झाले नाहीत. चौथ्या दिवशी सकाळी अयोध्याने ओवीच्या चालीवर विचारलं, "पाणी देऊ का गं?" त्यांना उत्तर द्यायला फार वेळ लागला. पाच वेळा चुकलं. मग "पाणी" आलं, सुरात. नुसतं बोलून विचारलं तर अजूनही "ते… ते…" तेवढंच. आणि त्या "गं"ला बापू हसले, कारण बायकांना म्हणायचं ते तिने त्यांनाच म्हटलं होतं.

मी पिशवी भरत होतो तेव्हा भागवतचा फोन आला, उसाच्या फडातून. रोज ह्या वेळी येतो. अयोध्याने फोन बापूंच्या तोंडाशी धरला आणि बाजेवर हात मारायला लागली. बापूंनी ओवी उचलली. फोनचा आवाज मोठा होता, मला पलीकडचं ऐकू येत होतं. आधी कोयत्यांचा, पाचटाचा आवाज. मग भागवतचा, जरा वैतागलेला. "हे काय लावलंय अयोध्या? जुनं रेकाडिंग हाय का? कामात हाय मी." बापू गातच होते. मग मध्येच त्यांना ठसका लागला. खोकला आला, दोन-तीनदा. आणि ओवी जिथे तुटली होती तिथून त्यांनी पुन्हा घेतली.

रेकॉर्डिंगमध्ये ठसका नसतो. पलीकडचे कोयते एकेक करून थांबले. भागवत लहान पोरासारखा म्हणाला, "बापू?"

मी बाहेर आलो. ते त्यांचं होतं.

रामजीने बोरीच्या फाट्यावर सोडलं. बस आली तेव्हा तो म्हणाला, "आमी रडू येतंय म्हणून गाणंच बंद केलं हो. दार लावलं आन वर म्हणालो, ह्यो आतून बोलत कामून न्हाई." मी बसमध्ये चढलो. झरी येईपर्यंत मागे वळून बघत होतो. त्या सपाट मुलखात मागे टाकलेली जागा बराच वेळ दिसत राहते, आमच्याकडे ती पहिल्या वळणाला नाहीशी होते.

घरी येऊन दोन महिने होत आले तेव्हा एका सकाळी अयोध्याचा फोन आला. "बापूला बोलायचंय तुमच्याशी." मी ओटीवर होतो. पलीकडून ठेका ऐकू आला, कुणाच्यातरी बोटांचा, आणि मग शांतता. ते वाट बघत होते. माझ्या लक्षात आलं की साध्या बोलण्याला ते उत्तर देऊ शकणार नाहीत. मला गावं लागणार.

मी जन्मात कधी गायलेलो नाही. आमच्या भजनात मला मृदंग दिला तोच मुळी तोंड उघडू नये म्हणून. बायको स्वयंपाकघरातून बाहेर येऊन उभी राहिली होती. दगडी गडग्यापलीकडे सुशीलावहिनी कपडे वाळत घालत होत्या. मी डोळे मिटले आणि सुचेल ते, ओवीच्या चालीवर, मोठ्याने म्हटलं, "बापू गा, ऐका गा, औंदा काजू लय आला गा…"

सूर साफ चुकला होता. बायको पदर तोंडाला लावून हसत होती. मग बापूंचा आवाज आला. तीच ओळ, बरोबर सुरात, मला शिकवावी तशी, सावकाश. "काजू" वर ते अडले. एकदा, दोनदा, आणि तिसऱ्यांदा तो शब्द स्वच्छ निघाला. काजूचं झाड त्यांनी कधी बघितलेलं नाही. त्यांच्या कुठल्याही ओवीत तो शब्द नाही.